कानच्या चोवीस पायऱ्या: लाल गालिच्याभोवतीचे दिवस

दिवस पहिला, सोमवार

फ्रान्समधल्या कान या गावचा चित्रपट महोत्सव मे महिन्यातल्या एका मंगळवारी सुरू होतो आणि बाराव्या दिवशी, शनिवारी, संपतो. लाल गालिचा पाहणं हाच हेतू असेल तर बाराही दिवस राहायची गरज नाही. सोमवारी पोहोचणं मात्र चुकवू नये. त्या दिवशी लोखंडी कठडे नुकतेच लागत असतात, रस्ते मोकळे असतात आणि ‘पॅले दे फेस्तिव्हाल’ या मुख्य इमारतीभोवती एक सावकाश फेरी मारता येते. मंगळवारी दुपारनंतर त्याच फेरीत जागोजागी बॅगा उघडून दाखवाव्या लागतात आणि अर्ध्या वाटा बंद असतात.

तयारी त्याच्या कितीतरी आधीची. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मे म्हणजे युरोपच्या सुट्ट्यांचा हंगाम, तेव्हा भेटीची तारीख मिळता मिळत नाही. हिवाळ्यातच अर्ज टाकलेला बरा. विमान नीसला उतरतं. तिथून कान साधारण २७ किलोमीटर. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना जोडणारी ट्राम तेवढ्या टप्प्यापुरती फुकट आहे. नीस-सँतोगुस्ताँ स्टेशन पहिल्या टर्मिनलपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून प्रादेशिक गाडी अर्ध्या-पाऊण तासात कानला सोडते. कान स्टेशनपासून पॅले चालत दहा मिनिटांवर. महोत्सवाच्या दिवसांत टॅक्सी करणं म्हणजे पैसे देऊन कोंडीत बसणं.

राहायला कानमध्येच जागा हवी असा हट्ट महागात पडतो. आँतिब आणि जुआँ-ले-पँ ही शेजारची गावं रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत आणि बहुतेक शहाणे लोक तिकडे मुक्काम करतात. यात मेख एकच. गाला-खेळ म्हणजे ज्याला टीम गालिच्यावरून येते तो संध्याकाळचा औपचारिक खेळ; रात्री दहाच्या सुमाराचा दुसरा गाला-खेळ मध्यरात्रीनंतर सुटतो आणि तोवर गाड्या संपत आलेल्या असतात. त्या खेळाचं तिकीट असेल तर त्या रात्रीपुरती जागा कानमध्ये किंवा अगदी लगतच्या ला-बोकात बघावी, नाहीतर टॅक्सीत भागीदार शोधून ठेवावा.

आता ती फेरी. पॅलेची सध्याची इमारत १९८३ च्या महोत्सवापासून वापरात आहे. काँक्रीटचा हा ठोकळा गावकऱ्यांना आवडला नाही आणि तिला ‘बंकर’ हे नाव चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही. फोटोंत ती भव्य दिसते ती केवळ पायऱ्यांमुळे. पायऱ्या चोवीस. वर ‘ग्राँ तेआत्र ल्युमिएर’ हे सुमारे २,३०० आसनांचं थिएटर, बाजूला हजारावर आसनांचं ‘देब्युसी’. गालिच्याची सगळी लांबी साठ मीटरच्या आसपास. टीव्हीवर पाहून आलेला माणूस इथे उभा राहिला की पहिली प्रतिक्रिया एकच: एवढंसंच? लांब भिंगं आणि खालून लावलेले कॅमेरे यांनी ती जागा मोठी केलेली असते.

गालिचा पूर्वी दिवसातून तीनदा बदलत. २०२१ पासून तो दिवसाला एकदाच बदलतात आणि कापडही पुनर्वापराचं असतं. मधल्या वेळेत झाडझूड, व्हॅक्यूम आणि टाचांनी सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवणं. एवढ्यावर तो दुसऱ्या खेळाला उभा राहतो.

पॅलेच्या आवारातच तारे-तारकांच्या हातांचे ठसे जमिनीत बसवलेले आहेत. ते सोमवारीच बघून घ्यावेत, पुढे त्यांच्यावर माणसं उभी असतात. आणखी एक गोष्ट सोमवारीच करायची: क्रुआझेत या समुद्राकाठच्या रस्त्याने चालत जाऊन हॉटेलं ओळखून ठेवायची. पॅलेच्या समोरच माजेस्तिक, पुढे कार्लटन, आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास मार्तिनेझ. उद्या याच तीन दरवाजांतून निम्मा गालिचा बाहेर पडणार असतो.

एक गैरसमज इथेच दूर करून ठेवू. चित्रपटांचा गंभीर महोत्सव होता, नंतर त्यात चमचमाट शिरला, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. कानपुरती ती खरी नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९३८ साली राजकीय दडपणाखाली बक्षिसं दिली गेली, त्याला उत्तर म्हणून फ्रान्सने हा महोत्सव ठरवला; पण गाव निवडताना हॉटेलं, समुद्र आणि उन्हाळी पाहुण्यांचा हंगाम लांबवणं हे हिशेब होतेच. १९३९ च्या पहिल्या खेपेसाठी हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओने तारे-तारकांनी भरलेलं जहाज पाठवलं होतं. १ सप्टेंबरला, ठरलेल्या दिवशीच, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि सगळं बारगळलं. महोत्सव प्रत्यक्षात भरला तो सप्टेंबर १९४६ मध्ये. त्या वर्षी सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांत वाटला गेला, त्यात चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. म्हणजे झगमगाट आणि गंभीर सिनेमा एकाच बोटीतून आलेले आहेत.

दिवस दुसरा, मंगळवार: उद्घाटन

सोहळा संध्याकाळी सातच्या आसपास. कठड्याजवळची जागा हवी असेल तर दुपारी तीनच्या आत उभं राहावं लागतं. पायऱ्यांच्या समोरच्या बाजूला वर्षानुवर्षं येणारे चाहते घडीच्या शिड्या आणून कठड्याला साखळीने बांधून ठेवत आले आहेत. नवख्या माणसाला पहिली रांग मिळाली तरी पायऱ्या दिसतील असं नाही, कारण मध्ये गाड्यांचा मार्ग, सुरक्षारक्षक आणि छायाचित्रकारांचे मचाण. पाणी, टोपी, सनस्क्रीन बरोबर हवं. मे महिन्यात इथे सूर्य पावणेनऊनंतर मावळतो, त्यामुळे पहिला गालिचा जवळपास सगळा उन्हातच पार पडतो. मोठी बॅग आणि काचेची बाटली तपासणीत अडते.

याहून चांगली जागा मार्तिनेझच्या दारासमोर आहे. तिथे गर्दी असते, पण अंतर कमी. कपडे पूर्ण झालेला नट किंवा नटी दारातून निघून गाडीत बसेपर्यंतचं अर्धं मिनिट उघड्यावर मिळतं, आणि त्या वेळी चेहरा सैल असतो. गालिच्यावर पाऊल पडलं की तो चेहरा कामाला लागतो.

क्रम साधारण असा असतो. सोहळ्याच्या दीड-एक तास आधी दरवाजे उघडतात आणि प्रथम तिकीटधारक चढतात: काळा सूट, बो-टाय, लांब गाऊन घातलेली हजारभर माणसं, ज्यांना कुणी ओळखत नाही. त्यांना थांबू देत नाहीत. त्यानंतर निमंत्रित पाहुणे, ब्रँडचे चेहरे, माजी विजेते. मग परीक्षक मंडळ, सहसा नऊ जणांचं. उद्घाटनाच्या दिवशी ते एका रांगेत उभं राहून फोटो देतं. सगळ्यात शेवटी चित्रपटाची टीम. ही शेवटची जागा मानाची, आणि तिच्यामागे हिशेब आहे: टीम आत शिरली की दारं लागतात आणि लगेच खेळ सुरू होतो, म्हणून कॅमेऱ्यांना टीमवर थांबायला ठरावीक मिनिटं आणि एक स्पष्ट शेवट मिळतो.

गाडी थांबते त्या जागेपासून पायऱ्यांच्या तळापर्यंत दोन्ही बाजूंना छायाचित्रकार. त्यांच्या जागा आधी ठरलेल्या असतात आणि संध्याकाळच्या खेळांना त्यांनाही टक्सिडो घालावा लागतो. पाच-सहा किलोचं साहित्य गळ्यात आणि गळ्याखाली बो-टाय. नाव पुकारण्याचा जो गोंगाट टीव्हीवर ऐकू येतो त्याचं कारण साधं आहे. नजर आपल्या भिंगात आली तरच फोटो विकला जातो. म्हणून अनुभवी नटी डावीकडून सुरुवात करते, प्रत्येक गठ्ठ्यापुढे दोन-तीन सेकंद नजर रोखते, वळते, आणि तेच उजवीकडे करते. नवखी व्यक्ती सगळ्यांना एकदम हसून हात हलवते आणि एकालाही वापरण्याजोगा फोटो मिळत नाही.

पायऱ्यांच्या मध्यावर एक थांबा, वर दुसरा. वर महोत्सवाचे अध्यक्षपद २०२२ पासून सांभाळणाऱ्या ईरीस क्नोब्लोक आणि निवडीचे प्रमुख तिएरी फ्रेमो स्वागताला उभे असतात. फ्रेमो कधी कुणाला चार पायऱ्या उतरून घ्यायला जातात, कधी जात नाहीत. जाणकार लोक याची नोंद ठेवतात.

बिघडतं काय? बहुधा वेळ. एक गाडी कोंडीत अडकली तर तिच्यामागची रांग थांबते, तोवर गालिचा रिकामा दिसतो आणि थेट प्रक्षेपणात निवेदकाला बोलत राहावं लागतं. म्हणून रक्षक पाहुण्यांना पुढे हाकतात. २०२४ मध्ये या हाकण्यावरून बराच गाजावाजा झाला. दुसरा शत्रू लांब शेपटीचा गाऊन: चार माणसं तो उचलायला, दहा माणसं खोळंबलेली, आणि आत गेल्यावर तो आसनांच्या रांगेत मावत नाही. २०२५ मध्ये महोत्सवाने नियमच केला, की अंगप्रदर्शन नको आणि रहदारी अडवणारे, मोठ्या घेराचे पोशाख नकोत. पहिल्या नियमावर जगभर चर्चा झाली. पॅलेत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरा नियम जास्त उपयोगाचा होता. पावसात छत्र्या धरायला माणसं असतात, पण ओला गालिचा टाचेला पकडतो आणि समुद्रावरचा वारा रेशमी कपडा कुठेही नेतो. त्यामुळे बरोबरच्या मदतनिसाच्या पिशवीत दुहेरी चिकटपट्टी, सुईदोरा, सेफ्टी पिना, टाचांच्या टोप्या आणि सपाट चपलांचा जोड असतोच.

आणि आता आपल्याकडे भारतीय नट्यांबद्दल दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न: हिचा तर सिनेमाही नाही, मग ही तिथे कशाला? उत्तर महोत्सवाच्या प्रायोजकांत आहे. लोरेआल १९९७ पासून महोत्सवाची अधिकृत सौंदर्यप्रसाधन भागीदार आहे, शोपार्ड ही दागिन्यांची कंपनी १९९८ पासून ‘पाम दोर’ हा महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार घडवते. भागीदार कंपनीला गाला-खेळांच्या आसनांचा वाटा मिळतो. त्या आसनांवर ती आपले चेहरे बसवते, आणि आसनापर्यंत जायचा रस्ता गालिच्यावरून आहे. ऐश्वर्या राय २००२ मध्ये ‘देवदास’साठी आली, २००३ मध्ये परीक्षक मंडळावर होती, आणि त्यानंतरची तिची बहुतेक वर्षं ब्रँडची प्रतिनिधी म्हणून आहेत. ती त्या संध्याकाळी नोकरीवर असते असं म्हटलं तरी चालेल. कपडा एका फॅशन-घराण्याचा, दागिने दुसऱ्याचे, तेही परत करायचे. दागिन्यांबरोबर सुरक्षारक्षक येतो आणि रात्री दागिना घेऊन जातो. यात लपवाछपवी काही नाही, फक्त फोटोखाली ते लिहिलेलं नसतं.

म्हणून गालिचा पाहताना माणसं तीन गटांत वेगळी करता आली पाहिजेत: चित्रपटाची टीम, भागीदारांचे पाहुणे, आणि तिकीट मिळवून आलेले. तिसऱ्या गटातले काही जण हल्ली स्वतःचा छायाचित्रकार कठड्याबाहेर उभा करून पहिल्या गटासारखा फोटो काढून घेतात. ओळखायची खूण: शेवटच्या वीस मिनिटांत आलेली व्यक्ती महत्त्वाची, पहिल्या चाळीस मिनिटांतली बहुधा हौशी.

दिवस तिसरा, बुधवार: तिकीट हातात असेल तर

गालाचं तिकीट पैसे देऊन मिळत नाही. महोत्सवाचं ओळखपत्र असलेल्यांना ते ऑनलाइन मिळतं आणि ओळखपत्राचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घेतले जातात. पत्रकार, व्यावसायिक, बाजाराचे प्रतिनिधी असे वर्ग आहेत. १८ ते २८ वयोगटातल्या सिनेमावेड्यांसाठी तीन दिवसांचा वेगळा पास आहे. त्यासाठी सिनेमाची ओढ पटवून देणारं पत्र लिहावं लागतं. आपल्याकडच्या तरुणांनी याचा फायदा फारच कमी घेतलेला दिसतो.

हल्लीची पद्धत अशी, की रोज सकाळी सातला चार दिवसांनंतरच्या खेळांची तिकिटं खुली होतात. मोठ्या नावांचा खेळ काही मिनिटांत संपतो. सहा पंचावन्नला लॉग-इन होऊन बसायचं, दोन पर्याय ठरवून ठेवायचे, आणि पहिला गेला की क्षणभरही हळहळत न बसता दुसऱ्यावर टिचकी मारायची. दिवसभरात रद्द झालेली तिकिटं परत येत राहतात, विशेषतः आदल्या रात्री. तिकीट घेऊन न जाणाऱ्याच्या पुढच्या आरक्षणावर गदा येते, तेव्हा जमणार नसेल तर वेळेत रद्द करावं. तिकीट नसलेल्यांसाठी शेवटच्या क्षणाची रांग असते, आणि टक्सिडो घालून हातात ‘एक निमंत्रण द्या’ अशी पाटी धरून पॅलेसमोर उभी राहणारी माणसं हे कानचं जुनंच दृश्य आहे. ही युक्ती कधीकधी खरंच चालते, पण अंगावर पूर्ण पोशाख असेल तरच, कारण तिकीट हाती येतं तेव्हा दार लागायला पंधरा मिनिटं उरलेली असतात.

पोशाखाचा नियम संध्याकाळच्या गालांना लागतो. पुरुषांना टक्सिडो किंवा काळा-गडद निळा सूट, बो-टाय किंवा गडद टाय. बायकांना लांब गाऊन, काळा छोटा ड्रेस, कॉकटेल ड्रेस किंवा गडद पँटसूट. साडी चालते, कित्येक भारतीय पाहुण्या साडीतच चढतात. निऱ्या घोट्याच्या जरा वर बसवल्या तर चोवीस पायऱ्या सुखाने होतात. बूट-चपला शोभिवंत हव्यात, टाच असो वा नसो. ‘टाच नसो’ हे शब्द सहज आलेले नाहीत. २०१५ मध्ये सपाट चपला घातलेल्या काही बायकांना दारावर अडवल्याच्या तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षी जुलिया रॉबर्ट्स अनवाणी पायऱ्या चढली, २०१८ मध्ये क्रिस्टन स्टुअर्टने टाचांचे बूट गालिच्यावरच काढून हातात घेतले. खेळाचे बूट मात्र आजही चालत नाहीत. पाठीवरची सॅक, कापडी झोळी, मोठी पर्स यांनाही मनाई आहे, आणि त्या ठेवायच्या खोलीसमोरची रांग वेळ खाते. छोटी पर्स, फोन, ओळखपत्र, बस्स.

पायऱ्यांवर सेल्फीला २०१८ पासून बंदी आहे. कुणी काढत नाही असं नाही, पण रक्षक येऊन हात खाली करतो आणि तो क्षण मागच्या कॅमेऱ्यात कायमचा राहतो. त्यापेक्षा वर पोहोचल्यावर एकदा मागे वळून पाहावं. समोरून पाहणाऱ्यांना कधी दिसत नाही ते दृश्य तिथून दिसतं. मचाणावर कोंबलेले छायाचित्रकार, त्यांच्यामागे गर्दी, तिच्यामागे हॉटेलच्या बाल्कन्या.

आत गेलात की मोठ्या पडद्यावर बाहेरचा गालिचा थेट दिसत असतो. आपण आधीच बसलेले, टीम अजून बाहेर. ती आत येते तेव्हा सगळं थिएटर उभं राहतं, दिवे जातात, आणि सेंट-साँसच्या ‘अक्वेरियम’च्या सुरावर समुद्रातून आकाशाकडे चढणाऱ्या पायऱ्यांची ती चित्रफीत लागते. कानमध्ये या सुरांनाही टाळ्या पडतात.

चित्रपट संपल्यावरच्या टाळ्यांबद्दल थोडं सावध राहावं. ‘आठ मिनिटं उभं राहून मानवंदना’ ही बातमी रोज येते. २००६ मध्ये गिएर्मो देल तोरोच्या चित्रपटाला बावीस मिनिटं टाळ्या मिळाल्याचं सांगतात आणि तेव्हापासून घड्याळ लावणं हा उद्योगच झाला आहे. पण आत काय घडतं ते पाहा. एक कॅमेरा टीममधल्या एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, तो चेहरा मोठ्या पडद्यावर दिसतो, त्याला टाळ्या पडतात, मग पुढचा चेहरा. टीम मोठी असेल आणि कॅमेरामन निवांत असेल तर मिनिटं आपोआप वाढतात. पाहुणे समोर उभे असताना बसून राहणंही अवघड. टाळ्यांच्या लांबीवरून चित्रपट जोखू नये. सुरुवातीच्या अर्ध्या तासात किती आसनं खटकन मिटली हे जास्त बोलकं असतं.

दिवस चौथा, गुरुवार: सकाळची पाळी

रात्रीच्या गालिच्याचा दुसरा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. आदल्या संध्याकाळच्या चित्रपटाची टीम पॅलेच्या गच्चीवर फोटोसाठी येते, तिथून थेट पत्रकार परिषदेत. २०१८ पर्यंत पत्रकार चित्रपट आधीच पाहत आणि वाईट परीक्षण ट्विटरवर असताना टीमला हसत पायऱ्या चढाव्या लागत. त्या वर्षी क्रम बदलला: पत्रकारांचा खेळ गालाच्या बरोबरीने किंवा नंतर. पत्रकार चिडले. पण गालिच्याच्या दृष्टीने हा बदल अचूक होता, कारण फोटो निघत असतात तोवर चित्रपट कसा आहे हे बाहेर कुणालाच ठाऊक नसतं.

पत्रकारांतही जाती आहेत आणि त्या ओळखपत्राच्या रंगावर दिसतात: पांढरा सर्वांत वरचा, मग ठिपक्याचा गुलाबी, गुलाबी, निळा, पिवळा. त्यानंतर हॉटेलच्या खोल्यांत मुलाखतींची गिरणी. एका टेबलाभोवती सहा-आठ पत्रकार, मध्ये नट, वीस-पंचवीस मिनिटं. टीव्हीवाल्याला एकट्याला चार-पाच. दारात उभी असलेली प्रसिद्धी-प्रतिनिधी बोटांनी उरलेली मिनिटं दाखवते. एका नटाच्या दिवसात असे दहा-बारा फेरे बसवतात. तिसऱ्या फेरीनंतर उत्तरं पाठ झालेली असतात, म्हणून जाणते पत्रकार सकाळची वेळ मागतात.

पॅलेच्या तळघरात आणि मागच्या तंबूंत ‘मार्शे द्यु फिल्म’ हा बाजार भरतो. १९५९ पासून तो चालू आहे आणि अलीकडे पंधरा हजारांवर लोक त्यासाठी नोंदणी करतात. भारताचा ‘भारत पॅव्हेलियन’ही याच बाजूला, ‘आंतरराष्ट्रीय गाव’ म्हणतात त्या देशोदेशींच्या तंबूंत. वरच्या गालिच्याचा पैसा होतो तो इथे. अजून चित्रीकरणही न झालेला चित्रपट देशादेशांच्या वितरकांना आगाऊ विकताना विक्री-प्रतिनिधीच्या हातात तीनच गोष्टी असतात: पटकथा, दिग्दर्शकाचं नाव, आणि नटाचं नाव. वितरक विचारतो, हा नट प्रदर्शनाच्या वेळी फिरेल का, मुलाखती देईल का? काल रात्री त्याने पायऱ्यांवर दिलेली वीस मिनिटं हा त्या प्रश्नाला मिळालेला पुरावा. ज्या चित्रपटात ओळखीचा चेहरा नाही त्याला बक्षीस मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि बक्षीस महोत्सवाच्या बाराव्या, शेवटच्या दिवशी. बाजार त्याआधीच आवरलेला असतो.

नट नसले तर काय होतं, हे २०२३ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकी नटांच्या संघटनेचा संप १४ जुलैला सुरू झाला आणि प्रसिद्धीच्या कामावर बंदी आली. सप्टेंबरच्या आधीच व्हेनिसच्या उद्घाटनाचा चित्रपट स्टुडिओने काढून घेतला, त्याच्या जागी इटालियन चित्रपट लावावा लागला. चित्रपट तयार होता, थिएटर तयार होतं. गालिच्यावर चालायला माणसं नव्हती, म्हणून प्रदर्शनच पुढच्या वर्षावर गेलं. संघटनेची खास परवानगी मिळवलेल्या मोजक्या स्वतंत्र चित्रपटांचे नट आले आणि एरवी मिळाली नसती एवढी जागा त्यांना वर्तमानपत्रांत मिळाली.

दिवस पाचवा आणि सहावा, शुक्रवार-शनिवार

हे गर्दीचे दिवस. नीस, तुलाँ, मार्सेयहून लोक येतात, क्रुआझेतवर पाऊल टाकायला जागा नसते. गालिचा सोडून द्यावा आणि लहान विभागांकडे वळावं.

‘क्रिटिक्स वीक’ १९६२ पासून, ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’ १९६९ पासून चालू आहे. दोन्हींचा कारभार महोत्सवापासून वेगळा, थिएटरं क्रुआझेतवर. फोर्टनाइटची तिकिटं सामान्य माणसालाही विकत मिळतात. टक्सिडो नको, गाऊन नको. दिग्दर्शक आणि नट मंचावर येऊन चित्रपटाची ओळख करून देतात, संपल्यावर बोलतात, आणि बाहेर पडताना त्याच दारातून जातात. नट जवळून पाहायचा असेल तर आमचं स्पष्ट मत आहे: ल्युमिएरच्या बाल्कनीपेक्षा इथली पाचवी रांग बरी. देब्युसीतल्या ‘अँ सर्तँ रगार’ विभागालाही हेच लागू पडतं. रात्री माजेस्तिकपलीकडच्या मासे किनाऱ्यावर वाळूत खुर्च्या मांडून फुकट सिनेमा दाखवतात; कधीकधी जुन्या चित्रपटाचा दिग्दर्शक स्वतः येतो. स्वेटर मात्र न्यावा.

सातव्यापासून बाराव्यापर्यंत

रविवारनंतर सूर उतरतो. बाजाराचे लोक दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर निघून जातात, खोल्यांचे दर खाली येतात आणि तिकिटं सकाळी सातला थोडी जास्त वेळ टिकतात. ज्याला दोन-चार गाला बघायचेच आहेत त्याने हे दिवस धरावेत. मोठी अमेरिकी नावं बहुतेक पहिल्या आठवड्यात येऊन गेलेली असतात. दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार-शुक्रवार हा स्पर्धेतल्या शेवटच्या चित्रपटांचा, आणि दमलेल्या पत्रकारांपुढे चित्रपट जाणं हे दुर्दैव की सुदैव याबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये असाच उशिरा, २३ मे रोजी दाखवला गेला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी आला होता. त्या चित्रपटातल्या छाया कदम त्या वर्षी कानमध्ये आईची साडी आणि नथ घालून वावरल्या. कुठल्याही घराण्याकडून उसना न आणलेला पोशाख या पायऱ्यांवर किती विरळा, हे वर दिलेल्या हिशेबावरून कळेल.

गालिचा निषेधालाही वापरला जातो, कारण एवढे कॅमेरे फुकटात दुसरीकडे मिळत नाहीत. १२ मे २०१८ रोजी ८२ बायका एकत्र पायऱ्या चढल्या आणि मध्यावर थांबल्या. तोवर मुख्य स्पर्धेत आलेल्या स्त्री-दिग्दर्शित चित्रपटांची संख्या तेवढीच होती. त्यात परीक्षक मंडळाची अध्यक्ष, नटी केट ब्लँचेट आणि फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा होत्या. हे महोत्सवाच्या संमतीने झालं. २०२२ मध्ये एक स्त्री युक्रेनच्या झेंड्याचे रंग अंगावर रंगवून गालिच्यावर धावत आली, ती संमतीशिवाय. तिला लगेच कोट टाकून बाहेर नेलं.

दिवस तेरावा, शनिवार: कोण परत आलं?

समारोपाचा गालिचा जाणकारांसाठी सगळ्यांत रंजक. परीक्षकांचा निर्णय झाला की महोत्सवाकडून काही टीमना फोन जातात: संध्याकाळी हजर राहा. कुठलं बक्षीस ते सांगत नाहीत. आधीच घरी गेलेल्यांना परत बोलावलं जातं. त्यामुळे दुपारपासून पत्रकार नीस विमानतळावर कोण उतरलं, हॉटेलात कुणाची खोली पुन्हा उघडली याच्या मागे असतात, आणि गालिचा सुरू झाला की यादीच जुळवता येते. स्पर्धेतल्या ज्या चित्रपटाची टीम पायऱ्यांवर दिसली तिला काहीतरी मिळणार. न दिसली ती बाद. नुसता दिग्दर्शक आला तर दिग्दर्शन किंवा पटकथा, नटीही आली तर तर्क वाढतात. २५ मे २०२४ ला कपाडिया आपल्या तिन्ही नट्यांसह पायऱ्या चढली तेव्हाच काहीतरी मिळणार हे उघड होतं. ते ‘ग्राँ प्री’ निघालं, पाम दोरच्या खालोखालचं.

समारोपाला तिकीट मिळणं जवळपास अशक्य, पण कठड्यासमोरची जागा उद्घाटनापेक्षा सहज मिळते. खिशात थोडे रोख युरो ठेवावेत. २०२५ च्या समारोपाच्या दिवशी सकाळी अख्ख्या भागाची वीज गेली, गाड्या खोळंबल्या, एटीएम आणि कार्डयंत्रं बंद पडली. पॅलेने पर्यायी विजेवर सोहळा वेळेवर केला; दुकानांत मात्र ज्याच्याकडे नोटा होत्या त्यालाच पाण्याची बाटली मिळत होती. सोहळा संपल्यावर विजेते बक्षिसं घेऊन पुन्हा छायाचित्रकारांसमोर येतात आणि मग पत्रकार परिषदेत जातात. पाम दोर हातात कशी धरावी हे तिथे बऱ्याच जणांना कळत नाही: ११८ ग्रॅम सोन्याची डहाळी, तिच्याखाली स्फटिकाचा जड ठोकळा, आणि वजन सगळं खाली.